फ्लॉपी आत बसते, पण वाचली का जात नाही? जुने संगणक आणि जास्त क्षमतेच्या फ्लॉप्या

गेल्या पावसाळ्यात ओळखीच्या अण्णांच्या छापखान्याची जागा रिकामी होत होती. माळ्यावरून बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा निघाला. आत साडेतीन इंची फ्लॉप्या, पन्नास-साठ तरी असतील. प्रत्येकीवर बॉलपेनने लिहिलेली चिठ्ठी: ‘दिवाळी ९४, पाने १ ते ४०’, ‘पत्रिका नमुने’, ‘जाहिराती, अर्धं पान’. ज्या ३८६ संगणकावर त्या भरल्या होत्या तो केव्हाच भंगारात गेलेला. उरला होता त्याच्याही आधीचा, एक्सटी जातीचा, रेक्झिनच्या कव्हराखाली झाकलेला. त्याला मागाहून कधीतरी साडेतीन इंची ड्राइव्ह बसवला होता.

आम्ही तो लावला आणि तो चक्क चालू झाला. फ्लॉपी सरकवली, खट्ट करून नीट बसली. दिवा लागला, आतून कर्र-कर्र असा आवाज तीन-चार वेळा आला आणि पडद्यावर ओळ उमटली: ‘जनरल फेल्युअर रीडिंग ड्राइव्ह बी’. दुसरी घातली, तिसरी घातली, सातवी घातली. सगळ्यांचं उत्तर एकच.

“गेल्या सगळ्या,” अण्णा म्हणाले. “दे टाकून.”

मी डबा हातातून सोडला नाही, कारण त्या फ्लॉप्या गेल्या आहेत असं त्या ओळीवरून ठरतच नव्हतं. तो संगणक एवढंच सांगत होता की त्याला त्या वाचता येत नाहीत. या दोन गोष्टींत फार मोठं अंतर आहे, आणि ते न कळल्यामुळे घराघरांतले असे डबे कचऱ्यात जात आहेत.

फ्लॉपीचा विषय आजही का निघतो

जून २०२५ मध्ये अमेरिकेच्या विमान वाहतूक प्रशासनाच्या प्रभारी प्रमुखांनी तिथल्या लोकप्रतिनिधींसमोर सांगितलं की हवाई नियंत्रणाच्या यंत्रणेतून आता फ्लॉप्या हद्दपार करायच्या आहेत. त्याच्या आदल्या वर्षी जपान सरकारने फ्लॉपीवरच अर्ज-कागदपत्रं द्यायला लावणारे हजाराहून अधिक नियम रद्द केले. सॅन फ्रान्सिस्कोची शहरी रेल्वे १९९८ मध्ये बसवलेल्या नियंत्रण यंत्रणेसाठी सव्वापाच इंची फ्लॉप्या वापरत होती, आणि ती बदलण्याचं काम २०२४ मध्ये कंपनीला दिलं गेलं. अशी बातमी आली की लोक विचारतात, “एवढं काय अवघड आहे? जुनी फ्लॉपी घ्या, कुठल्याही जुन्या मशीनमध्ये घाला, कॉपी करा.”

अडतं ते त्या ‘कुठल्याही’ शब्दापाशी.

चकतीवर नेमकं काय लिहिलेलं असतं

फ्लॉपीच्या आत लोखंडी ऑक्साइडचा पातळ थर दिलेली प्लास्टिकची चकती असते. ड्राइव्ह ती चकती फिरवतो आणि एक छोटं चुंबकी डोकं, म्हणजे हेड, तिला चिकटून लिहितं-वाचतं. ग्रामोफोनच्या तबकडीवर एकच रेघ आत आत वळत जाते. फ्लॉपीवर तसं नसतं. वारीतल्या रिंगणासारखी एकात एक, पण वेगवेगळी वर्तुळं असतात. अशा एका वर्तुळाला ट्रॅक म्हणतात. प्रत्येक ट्रॅकचे सारखे तुकडे पाडलेले असतात, ते सेक्टर. पीसीच्या जगात एका सेक्टरमध्ये ५१२ बाइट मावतात.

आता हिशेब सोपा आहे. ७२० केबीच्या साडेतीन इंची फ्लॉपीत एका बाजूला ८० ट्रॅक, दोन बाजू, प्रत्येक ट्रॅकवर ९ सेक्टर. १.४४ एमबीच्या फ्लॉपीतही ट्रॅक ८०च आणि बाजूही दोनच. सेक्टर मात्र १८. ८० गुणिले २ गुणिले १८ गुणिले ५१२ केलं की १४,७४,५६० बाइट येतात. (त्याला १.४४ एमबी म्हणणं हा दोन मोजमापांचा घोळ आहे. १,४४० भागिले १,००० करून १.४४, पण त्यातला केबी मात्र १,०२४ बाइटचा.)

म्हणजे जागा तेवढीच, वर्तुळंही तेवढीच, फक्त एकेका वर्तुळात दुप्पट दाटीने लिहिलेलं. आणि चकती फिरते पूर्वीच्याच वेगाने, मिनिटाला ३०० फेरे. तेवढ्याच वेळात दुप्पट अक्षरं हेडखालून सरकत असतील, तर ती टिपून घेणाराही दुप्पट चपळ हवा. अण्णांच्या एक्सटीचं घोडं अडलं ते इथे.

ऐंशी शब्दांचा लघुलेखक

हेडकडून येणारे चुंबकी ठोके संगणकाला थेट कळत नाहीत. मध्ये एक चिप बसलेली असते, तिला कंट्रोलर म्हणतात. आयबीएमच्या १९८१च्या पहिल्या पीसीत आणि नंतरच्या एक्सटीत हे काम एनईसीच्या ७६५ या चिपकडे होतं, आणि तिला ठोके मोजून देणारं घड्याळ सेकंदाला अडीच लाख बिट एवढ्याच गतीला बांधलेलं होतं. ३६० केबी (सव्वापाच इंची) आणि ७२० केबीच्या फ्लॉप्यांची गती नेमकी तेवढीच असते. १.२ एमबी (हीही सव्वापाच इंची) आणि १.४४ एमबीच्या फ्लॉप्यांची गती आहे सेकंदाला पाच लाख बिट.

ऐंशी शब्दांची परीक्षा पास झालेल्या लघुलेखकासमोर एकशे साठ शब्दांच्या गतीने बोलणारा साहेब बसवला तर काय होईल? लघुलेखकाचे कान ठणठणीत आहेत, भाषा येते, पेन्सिलही टोकदार आहे. पण त्याच्या वहीत निम्मं भाषण उतरत नाही, कशाचाच अर्थ लागणार नाही असा काला उतरतो. कारण त्याला शब्द कुठे सुरू झाला आणि कुठे संपला हेच पकडता येत नाही. कंट्रोलरचंही तसंच होतं. प्रत्येक सेक्टरच्या आधी ‘इथून सुरुवात’ अशी एक खूण असते. चुकीच्या तालावर ऐकणाऱ्याला ती खूण सापडतच नाही. तो फेरीमागून फेरी शोधत राहतो, हेड मागे नेऊन पुन्हा आणतो (तो कर्र-कर्र आवाज हाच) आणि शेवटी हात टेकतो.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा, कारण लोक लगेच प्रोसेसरला दोष देतात. एक्सटीचा ४.७७ मेगाहर्ट्झचा प्रोसेसर आजच्या मानाने गोगलगाय असला, तरी या कामाला तो कमी पडत नव्हता. पाच लाख बिटांच्या गतीने एक बाइट यायला १६ मायक्रोसेकंद लागतात, म्हणजे प्रोसेसरच्या घड्याळाचे ७६ ठोके. शिवाय फ्लॉपीवरचा मजकूर प्रोसेसरला मध्ये न घेता परस्पर मेमरीत नेणारी वेगळी चिप त्या मशीनमध्ये होतीच. ७६५ ही चिपसुद्धा पाच लाखांची गती झेलू शकत होती. अडसर होता तो कार्डावर स्वस्तात भागवलेल्या घड्याळाचा. १९८१ मध्ये पीसीसाठी दुप्पट गतीची फ्लॉपी बाजारात नव्हती, मग तिच्यासाठी कोण खर्च करणार?

‘मग ड्राइव्ह बदलला की झालं ना?’

हा पहिला प्रश्न असतो, आणि पुष्कळांनी त्यासाठी पैसे घालवलेत. १.४४चा नवा ड्राइव्ह एक्सटीला जोडता येतो, केबलही बसते. पण कंट्रोलर जुनाच असेल तर तो ड्राइव्ह फार तर ७२० केबीचा म्हणून वागतो. वक्ता बदलला, लघुलेखक तोच.

‘बरं, कंट्रोलर कार्डही नवं घातलं.’ आता गाडी बायॉसवर येऊन थांबते. बायॉस म्हणजे मशीन चालू होताच जागा होणारा, चिपमध्येच कोरलेला छोटा प्रोग्राम. कोणता ड्राइव्ह जोडलाय, त्याच्या ट्रॅकवर किती सेक्टर, हे त्याला ठाऊक असावं लागतं. एक्सटीच्या बायॉसला जास्त क्षमतेच्या फ्लॉप्यांचं जग माहीत नाही. म्हणून एक्सटीसाठी जी जास्त क्षमतेची कार्डं निघाली त्यांवर स्वतःचा बायॉस सोबत यायचा. असं कार्ड मिळालं तर एक्सटीवर १.४४ची फ्लॉपी खरोखर वाचता येते.

त्यानंतर डॉस, म्हणजे त्या काळच्या पीसीची ऑपरेटिंग सिस्टिम. १.२ एमबीची ओळख डॉसला ३.० आवृत्तीत झाली, १९८४ मध्ये, आयबीएमच्या एटी संगणकासोबत. ७२० केबीची ३.२ मध्ये, १९८६ला. १.४४ची ३.३ मध्ये, १९८७ला, पीएस/२ संगणकांसोबत. जुनी डॉस घालून नवी फ्लॉपी वाचायला बसलात तर वरच्या सगळ्या गोष्टी जमूनही उपयोग नाही.

चकती, ड्राइव्ह, कंट्रोलर, बायॉस आणि डॉस अशी ही पाच जणांची पंगत आहे. एकालाही वाढप चुकलं की अख्खं जेवण अडतं. आणि पडद्यावरची ओळ मात्र कुणाचं अडलं ते सांगत नाही.

लघुलेखक बदलता येत नसेल तर

या सगळ्या कहाणीतला माझा सर्वांत आवडता भाग कमोडोर कंपनीच्या अमिगाचा आहे. अमिगात फ्लॉपी वाचण्याचं काम पॉला नावाच्या चिपकडे होतं. तीच आवाजही सांभाळायची. साध्या फ्लॉपीवर ती ८८० केबी बसवायची, पीसीपेक्षा जास्त. पण जास्त क्षमतेच्या फ्लॉपीची गती तिला झेपत नव्हती, आणि चिप नव्याने घडवणं सोपं नव्हतं.

मग त्यांनी वक्त्यालाच हळू बोलायला लावलं! अमिगा ४०००मध्ये असा ड्राइव्ह बसवला, की जास्त क्षमतेची फ्लॉपी आत गेली की तो मिनिटाला ३०० ऐवजी १५० फेरेच मारतो. दाट लिहिलेला मजकूर निम्म्या वेगाने सरकला की पॉलाला तो नेहमीच्याच तालावर ऐकू येतो. फ्लॉपीवर १,७६० केबी मावले. वेळ दुप्पट लागला, पण काम झालं.

ॲपलने उलटी वाट धरली होती. जुन्या मॅकिंटॉशचे ४०० आणि ८०० केबीचे ड्राइव्ह चकतीचा वेग बदलत राहायचे. बाहेरची वर्तुळं लांब असतात, म्हणून तिथे १२ सेक्टर, आणि आत येता येता ११, १०, ९, ८. कल्पना देखणी आहे, पण त्यामुळे एकाच वेगाने फिरणाऱ्या पीसीच्या ड्राइव्हला मॅकची ८०० केबीची फ्लॉपी कळत नाही, आणि त्या काळच्या मॅकला पीसीची १.४४. मॅकमध्ये दोन्ही वाचणारा ड्राइव्ह १९८८ मध्ये आला.

सव्वापाच इंची: इथे धोका जास्त

साडेतीन इंचीत जुनं मशीन नुसतं ‘येत नाही’ म्हणतं. सव्वापाच इंचीत ते अर्धवट वाचतं, अर्धवट लिहितं, आणि नुकसान करतं.

३६० केबीच्या सव्वापाच इंची फ्लॉपीत ४० ट्रॅक असतात, १.२ एमबीच्या फ्लॉपीत तेवढ्याच जागेत ८०. साहजिकच जुन्या ड्राइव्हचं हेड रुंद, साधारण मिलिमीटरचा तिसरा हिस्सा. नव्याचं त्याच्या निम्मं. १.२ एमबीची फ्लॉपी जुन्या ड्राइव्हमध्ये घातली तर ते रुंद हेड एका वेळी दोन ट्रॅकांवर पसरतं. दोन माणसं एकदम बोलल्यासारखं.

उलट दिशेने गंमत वाटते, पण तीच जास्त घातक. नवा १.२चा ड्राइव्ह जुनी ३६०ची फ्लॉपी छान वाचतो. त्याचं अरुंद हेड जुन्या रुंद पट्ट्याच्या मधोमध चालतं, दर वेळी एकाऐवजी दोन पावलं टाकतं, आणि तो मिनिटाला ३६० फेरे मारत असल्यामुळे कंट्रोलर अडीच लाखांऐवजी तीन लाखांचा ताल धरतो. सगळं हिशेबात बसतं. लोक खूश होतात आणि त्याच फ्लॉपीवर काहीतरी लिहितात.

भिंतीवर चार इंची ब्रशने ओढलेला निळा पट्टा डोळ्यांसमोर आणा. त्यावर दोन इंची ब्रशने मधोमध लाल पट्टा ओढला. अरुंद नजरेला फक्त लाल दिसतो. रुंद नजरेला लाल दिसतो आणि दोन्ही कडांना उरलेला निळाही दिसतो. ही फ्लॉपी परत जुन्या ३६०च्या ड्राइव्हमध्ये गेली की त्याचं रुंद हेड नवा मजकूर आणि कडेला राहिलेला जुना मजकूर, दोन्ही एकत्र वाचतं. वाचता येत नाही ते नाहीच, आणि मूळचं होतं तेही गेलं. जुन्या मशीनसाठी ३६०ची फ्लॉपी नव्या ड्राइव्हवर भरायचीच असेल, तर कधीही न वापरलेली कोरी, किंवा चुंबकाने पूर्ण पुसून काढलेली घ्यावी.

‘भोकाला चिकटपट्टी लावली तर?’

साडेतीन इंची १.४४च्या फ्लॉपीला दोन भोकं असतात. एक लिखाणबंदीचं, सरकत्या चापाचं. दुसरं त्याच्या समोरच्या कोपऱ्यात, उघडंच. ते ड्राइव्हला सांगतं की ही चकती जास्त क्षमतेची आहे. चिकटपट्टीने ते बुजवलं की ड्राइव्ह तिला ७२० केबीची समजतो.

पण यामुळे आधी १.४४ पद्धतीने लिहिलेला मजकूर जुन्या ड्राइव्हला वाचता येईल, हा समज पूर्ण चुकीचा आहे. पाटी बदलली म्हणून आतली दाटी कमी होत नाही. पट्टीचा उपयोग एकच, कोरी फ्लॉपी ७२० म्हणून नव्याने फॉरमॅट करायला. तेही नाइलाजाने, कारण दोन्ही चकत्यांचा थर सारखा नसतो. चुंबकी खूण उमटवायला किती जोर लागतो याचं माप ऑर्स्टेडमध्ये सांगतात. साध्या साडेतीन इंचीला साधारण ६६० आणि जास्त क्षमतेच्या फ्लॉपीला ७२० च्या आसपास. अंतर थोडं, म्हणून बऱ्याचदा निभावून जातं. सव्वापाच इंचीत मात्र ते ३०० आणि ६०० इतकं आहे. जुन्या ड्राइव्हचा जोर मुरमात नांगर घातल्यासारखा वरवरच ओरखडतो.

याच्या उलट प्रकारही चालायचा. ७२०च्या स्वस्त फ्लॉपीला तापल्या सोल्डरिंग आयर्नने भोक पाडून तिची १.४४ करायची. अशा फ्लॉप्या मी हातात घेतल्या आहेत. तुमच्या डब्यात वितळल्या कडांचं भोक असलेली फ्लॉपी निघाली तर ती सर्वांत आधी वाचायला घ्या, तिचा भरवसा सर्वांत कमी.

यूएसबीचा ड्राइव्ह घेतला तर भागेल?

१.४४ आणि ७२० केबीच्या पीसी फ्लॉप्यांसाठी बहुतेकदा भागतं. मॅकची ८०० केबी, अमिगाची किंवा सव्वापाच इंची फ्लॉपी त्याला जमत नाही. या ड्राइव्हच्या पोटातच कंट्रोलर असतो, आणि त्याला ठरलेल्या मोजक्या पद्धतींपलीकडे काही ऐकूच येत नाही.

त्यासाठी ग्रीझवीझल, क्रायोफ्लक्स अशी छोटी कार्डं मिळतात. ती जुना ड्राइव्ह आजच्या संगणकाला जोडतात. ती सेक्टर शोधत बसत नाहीत, हेडखालून जाणारा प्रत्येक चुंबकी ठोका किती वेळाने आला एवढंच टिपून ठेवतात. अर्थ नंतर सॉफ्टवेअर लावतं. भाषण न समजता आधी सगळं टेप करून घेण्यासारखं. ज्याच्याकडे वेगवेगळ्या मशीनच्या फ्लॉप्या आहेत त्याने हीच वाट धरावी असं माझं स्पष्ट मत आहे.

डबा सापडला तर आधी काय करायचं

आधी लिखाणबंदी. साडेतीन इंचीत चाप सरकवून भोक उघडं ठेवलं की बंदी लागते. सव्वापाच इंचीत उलटं: कडेची खाच पट्टीने झाकली की बंदी. हे उलटसुलट असल्यामुळे लोक फसतात.

मग पत्र्याची झडप बाजूला करून मागची धातूची चकती बोटाने हळूहळू फिरवा आणि उजेडात पृष्ठभाग बघा. मुंबई-कोकणच्या दमट हवेत राहिलेल्या फ्लॉप्यांवर पांढुरके ठिपके असतात. ती बुरशी. तशी फ्लॉपी ड्राइव्हमध्ये घातली तर हेड घाण होतं आणि पुढची चांगली फ्लॉपीही खरवडली जाते. ती वेगळी काढा.

आणि विंडोजने ‘ही डिस्क फॉरमॅट केलेली नाही, आता करू का?’ असं विचारलं तर नाही म्हणा. कायम नाही. त्या प्रश्नाचा अर्थ बहुतेक वेळा एवढाच असतो की समोरच्याला ही लिपी येत नाही.

अण्णांच्या डब्यातल्या चार फ्लॉप्यांवर बुरशी होती. बाकीच्या मी एका जुन्या पेंटियमवर लावल्या, ज्याचा ड्राइव्ह आणि कंट्रोलर दोन्ही पाच लाखांच्या गतीचे. ‘दिवाळी ९४’ पहिल्या फटक्यात वाचली गेली. फाइलींची यादी सरसर वर गेली, पेजमेकरची पानं, प्रत्येकीसमोर तारीख आणि वेळ. अण्णांनी चष्मा कपाळावर चढवला आणि पडद्याजवळ वाकले. एका ओळीवर बोट ठेवलं. तिच्यासमोर वेळ होती पहाटेची, १ वाजून ३७ मिनिटं.

“ही अनुक्रमणिका,” ते म्हणाले. “एक कविता शेवटच्या रात्री आली होती.”